उबेची बेगमी : अद्भुतकथांमधील हिमप्रदेश आणि तिथले जगणे

हिमप्रदेशात पैशाआधी ऊब मोजली जाते. सरपण किती उरले, चरबी किती, धान्य किती आणि उन्हाळा यायला दिवस किती, या चार आकड्यांवर घरातली माणसे तगणार की नाही हे ठरते. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी असे प्रदेश अनेक उभे केले आहेत. अँडरसनच्या हिमराणीचा उत्तर ध्रुवाकडचा मुलूख, सी. एस. लुईस यांचे शंभर वर्षे हिवाळ्यात अडकलेले नार्निया, टोल्किन यांचा फोरोखेलचा किनारा, तूवे यान्सन यांची मूमिनांची दरी, अर्सुला ले ग्विन यांचा गेथेन ग्रह आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या वेस्टेरॉसचा उत्तर भाग ही त्यांतली गाजलेली नावे. यांतले जे प्रदेश वाचकाच्या मनात घर करतात, त्यांच्यामागे उबेचा चोख हिशेब असतो. घराचे दार कुठे असावे, ताटात काय पडावे, पाहुण्याला कसे वागवावे, कोणत्या देवाला भ्यावे, मेलेल्या माणसाचे काय करावे, ही सगळी उत्तरे लेखकाने थंडीकडून मिळवलेली असतात.

थंडी आणि बर्फ

थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कल्पित प्रदेश रचताना हा फरक पहिल्यांदा लक्षात घ्यावा लागतो. हिमवृष्टीला हवेत बाष्प लागते. हवा जितकी गार तितके ती बाष्प कमी धरते. म्हणून पृथ्वीवरची सर्वांत थंड जागा, अंटार्क्टिकाचा अंतर्भाग, खरे तर वाळवंट आहे. तिथे वर्षाकाठी पडणारा बर्फ वितळवला तर जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी होईल. तिथला बर्फाचा प्रचंड थर हजारो वर्षे न वितळता साचत गेलेला आहे. लेहची थंडी कडाक्याची, पण पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे दहा सेंटिमीटर. याउलट जपानचा पश्चिम किनारा अक्षांशाने भूमध्य समुद्राच्या रांगेत येतो, तरी सैबेरियाकडून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि तिथे माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ टाकतात.

या दोन प्रकारांतून दोन तऱ्हेचे जीवन घडते. कोरड्या थंडीत अंतर, वारा आणि पाण्याची टंचाई यांच्याशी झगडावे लागते. भरपूर बर्फाच्या मुलखात वाटा बुजतात, छपरे दबतात, गावागावांतला संबंध तुटतो. तिसरा प्रकार ओल्या थंडीचा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. त्यामुळे शून्याच्या आसपासही भिजलेला माणूस दगावतो आणि उणे तीसमध्ये कोरड्या कपड्यांतला माणूस दिवसभर काम करतो. कथेतला नायक नदीत पडून तसाच पुढे चालू लागला, तर तिथे हिशेब चुकलेला असतो.

घर, दार आणि चूल

ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांपर्यंत हवा असते. कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून बर्फ हेच थंडीवरचे पांघरूण होते. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील इन्युइट लोकांचे हिमघर याच तत्त्वावर उभे राहते. त्याला वाऱ्याने दाबलेल्या बर्फाच्या विटा लागतात, कारण फार भुसभुशीत बर्फाची वीट टिकत नाही. आत शिरण्याचा बोगदा खाली आणि झोपण्याचा ओटा वर असतो. गार हवा जड असल्याने खाली बोगद्यात साचते, ऊब वर ओट्यापाशी राहते. सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा आणि माणसांच्या शरीराची ऊब एवढ्यावर, बाहेर उणे चाळीस असताना, आतले तापमान शून्याच्या आसपास टिकते. टोल्किन यांच्या फोरोखेलमधील लोसॉथ लोक संकटात सापडलेल्या राजासाठी बर्फाच्याच झोपड्या बांधतात, ते यामुळे पटते.

ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीतील गेथेन ग्रह हिमयुगात आहे. तिथल्या रेर या जुन्या शहरात रस्तेच नाहीत. त्यांच्या जागी बोगद्यासारख्या झाकलेल्या वाटा आहेत. हे चित्र अद्भुत वाटते, पण जपानच्या निइगाता भागातील ताकादा या गावात घरांच्या पुढच्या ओसऱ्या एकमेकींना जोडून केलेल्या छपराखालच्या वाटा आजही आहेत. त्यांना ‘गांगी’ म्हणतात. रस्ता बर्फाने भरला तरी लोक या छपरांखालून दारोदार जाऊ शकत. याच भागातील सुझुकी बोकुशी यांनी १८३७ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘होकुएत्सु सेप्पु’ या ग्रंथात हिममुलखातल्या जगण्याचे बारकाईने वर्णन केले. बर्फ पाहायला येणाऱ्या प्रवाशाची नजर आणि बर्फात जन्म काढणाऱ्या माणसाची नजर यांतला फरक त्या पुस्तकात पानोपानी दिसतो.

मार्टिन यांच्या विंटरफेल किल्ल्याला गरम झऱ्यांचा आधार आहे. झऱ्यांचे पाणी भिंतींतून खेळवलेले आहे आणि त्याच उबेवर काचेच्या बागांत भाजीपाला पिकतो. आइसलंडमध्ये आज बहुतेक घरे भूगर्भातील गरम पाण्यावर तापवली जातात आणि तिथे काचघरांत टोमॅटो पिकतात. विंटरफेलचे स्टार्क घराणे हजारो वर्षे त्याच जागी टिकून राहिले यामागे तलवारीइतकाच या झऱ्यांचा वाटा आहे. किल्ल्याबाहेर ‘हिवाळी गाव’ वसलेले आहे. उन्हाळ्यात त्यातली बहुतेक घरे रिकामी असतात. हिवाळा लागला की आसपासचे शेतकरी तिथे राहायला येतात.

माणसे जवळ आल्याशिवाय ऊब टिकत नाही, आणि इथून घराची रचना समाजाच्या रचनेत उतरते. लडाखच्या जुन्या घरांत तळमजल्यावर जनावरे आणि वर माणसे राहतात. जनावरांची ऊब वर येते, आणि हिवाळ्यात सारे घर चुलीच्या एका खोलीत गोळा होते. ले ग्विन यांच्या गेथेनवरील कारहाइड देशात समाजाचा मूळ घटकच ‘चूल’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. एका चुलीची म्हणजे एका कुळाची शेकडो माणसे असतात. मराठीतही कुटुंबे चुलींवर मोजतात आणि वाटण्या झाल्या की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतात. हिमप्रदेशात मात्र वेगळी चूल मांडणे म्हणजे सरपण दुप्पट जाळणे. त्यामुळे तिथल्या कथांमध्ये घरातून हाकलणे ही शिक्षा देहदंडाच्या जवळ जाते.

अन्न आणि बेगमी

कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची तयारी होते. तांदूळ, सुकी मासळी, पापड, लोणची, सरपण घरात येऊन पडते. गोव्यात याच साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. चार महिने बाहेरचे जग जवळजवळ बंद राहणार हे धरून घर चालवण्याची ही रीत आहे. हिमप्रदेशात हीच बेगमी सहा-आठ महिन्यांसाठी करावी लागते आणि तिथे चुकीला वाव नसतो.

साठवणीला थंडीच मदत करते. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा फेब्रुवारी ते मे या काळात लाकडी मांडवांवर मीठ न लावता वाळवला जातो. तापमान शून्याच्या आगेमागे राहिल्याने तो सडतही नाही आणि पुरता गोठतही नाही. लाकडासारखा कडक झालेला हा मासा वर्षानुवर्षे टिकतो. काश्मीरमध्ये उन्हाळ्यात वांगी, भोपळा, टोमॅटो वाळवून ‘चिल्लई कलां’ या चाळीस दिवसांच्या कडाक्यासाठी ठेवतात.

हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिमराणी’ या कथेत अशा वाळलेल्या माशाचा एक प्रसंग आहे. सवंगड्याच्या शोधात निघालेली छोटी गेर्डा रेनडिअरवर बसून एका सामी म्हातारीच्या झोपडीत पोचते. म्हातारीला पुढच्या वाटेवरच्या फिन बाईला निरोप द्यायचा असतो, पण घरात कागद नसतो. ती वाळलेल्या कॉडवर निरोप लिहिते. फिन बाईच्या घराला दार नाही, म्हणून धुराड्यावर टकटक करावी लागते. आत इतके उकडत असते की ती बाई जवळजवळ उघडीच वावरते. ती आधी गेर्डाचे हातमोजे आणि बूट काढते, रेनडिअरच्या डोक्यावर बर्फाचा तुकडा ठेवते, मग मासा हातात घेऊन निरोप तीनदा वाचते. मजकूर पाठ झाल्यावर मासा भांड्यात शिजायला टाकते, कारण तो खाण्याजोगा आहे आणि तिच्या घरात काही वाया जात नाही. बंदिस्त घर, आतबाहेरच्या तापमानातली दरी, कागदाची टंचाई आणि अन्नाची किंमत एवढे सगळे त्या एका माशात आले आहे.

थंडीत शरीर सतत जळण मागते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून किंवा प्रथिनांतून चार. म्हणून हिमप्रदेशाच्या स्वयंपाकात चरबीला मान असतो. लडाखमध्ये चहात लोणी आणि मीठ घुसळतात, इन्युइट सील आणि व्हेलची चरबी खातात. संक्रांतीला महाराष्ट्रात तीळ-गूळ खातात त्यामागेही थंडीत तेलकट-उष्ण पदार्थ हवा हेच शहाणपण आहे. नुसत्या सशासारख्या बिनचरबीच्या मांसावर जगणारा माणूस पोट भरूनही खंगत जातो, हे उत्तर अमेरिकेतल्या फासे लावून शिकार करणाऱ्यांना ठाऊक होते. ताज्या भाजीअभावी होणाऱ्या स्कर्व्हीने युरोपीय खलाशी मरत असताना इन्युइट निरोगी राहत, कारण व्हेलच्या कातडीत आणि कच्च्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व असते. गेथेन ग्रहावरचे लोक दिवसातून अनेकदा थोडेथोडे खातात आणि बिअर गरम करून पितात. दोन घोटांमध्ये पेल्यातल्या पेयावर जमणारा बर्फ फोडण्यासाठी त्यांच्या जेवणाच्या मेजावर एक छोटे अवजार असते. बाहेर किती थंडी आहे हे सांगायला त्यानंतर दुसरे काही लागत नाही.

अंगावरचे कपडे आणि पायाखालची वाट

थंडीत घाम हा शत्रू आहे. घामाने भिजलेला कपडा गोठतो आणि ऊब खातो. म्हणून हिमप्रदेशातला जाणकार माणूस धावपळ टाळतो, कपडे सैल घालतो, तापला की गळ्याशी मोकळे करतो. इन्युइटांचा कॅरिबूच्या कातड्याचा पोशाख दुहेरी असतो. आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्या थराचे बाहेर. कॅरिबूचे केस पोकळ असल्याने त्यांतही हवा कोंडलेली राहते. कातडे कमावणे आणि नेटके शिवणे हे बायकांचे कौशल्य शिकाऱ्याच्या भाल्याइतकेच मोलाचे होते, कारण उसवलेल्या शिवणीने बोटे जात. फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) मधल्या चेटकिणी थंडी सोसून पातळ वस्त्रांतच उडतात, कारण अंग झाकले तर ताऱ्यांचा आणि ध्रुवीय प्रकाशाचा स्पर्श त्यांना मिळणार नाही. थंडीशी वेगळे नाते जोडणारी ही कल्पना भावते, कारण त्याच कादंबरीत बाकीच्या माणसांचे फरचे कपडे नीट दाखवलेले आहेत.

बर्फ वाट बुजवतो तसा नवी वाटही देतो. दलदल आणि नद्या गोठल्या की त्यांवरून घसरगाड्या जातात. लडाखच्या झंस्कार नदीवर गोठलेल्या बर्फाची ‘चादर’ ही कित्येक पिढ्यांची हिवाळी वाट होती. टोल्किन यांच्या लोसॉथांकडे चाके नसलेल्या गाड्या आहेत आणि ते पायांना हाडे बांधून बर्फावरून पळतात. उत्तर युरोपात घोड्याच्या आणि गुरांच्या हाडांचे स्केट उत्खननांत खरोखर सापडले आहेत. नार्नियात चेटकिणीची सत्ता रेनडिअरच्या घसरगाडीवर चालते. बर्फ वितळू लागतो तेव्हा गाडी चिखलात रुतते आणि चेटकिणीला पायी चालावे लागते. तिच्या राज्याचा शेवट तिथेच दिसू लागतो.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टातली आर्वेदुई राजाची हकीकत अशा मुलखातले शहाणपण कोणाकडे असते ते दाखवते. हरलेला राजा उपाशीपोटी लोसॉथांकडे येतो. त्याच्याजवळ द्यायला रत्ने असतात, पण त्यांना रत्नांची किंमत नसते. काहीसे कणवेने, काहीसे शस्त्रांच्या धाकाने ते त्याला अन्न देतात. पुढे त्याला न्यायला जहाज येते, तेव्हा त्यांचा प्रमुख सांगतो की आता चढू नका, उन्हाळ्यापर्यंत थांबा. राजा ऐकत नाही. वादळ जहाजाला बर्फावर लोटते आणि ते बुडते. टोल्किन यांनी हे लिहिण्याच्या शंभर वर्षे आधी तशीच गोष्ट घडली होती. १८४५ मध्ये निघालेली सर जॉन फ्रँकलिन यांची ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे पुढे कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फात अडकली आणि १२९ जण मेले. इन्युइटांनी त्यांच्याविषयी सांगितलेल्या आठवणी ब्रिटनमध्ये अनेकांनी झिडकारल्या. जहाजे २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, तेव्हा त्या आठवणींचा आधार खरा ठरला. रोआल्ड आमुंडसेन मात्र १९०३ ते १९०६ च्या मोहिमेत इन्युइटांच्या शेजारी दोन हिवाळे राहिले, फरचे कपडे आणि कुत्र्यांच्या गाड्या त्यांच्याकडून शिकले, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. ले ग्विन यांनी ध्रुवीय मोहिमांची वर्णने आवडीने वाचली होती. त्यांच्या कादंबरीत दोन माणसे जवळजवळ ऐंशी दिवस घसरगाडी ओढत हिमपठार पार करतात. त्या प्रवासातला शिध्याचा रोजचा हिशेब आणि सावलीच पडत नाही अशा पांढऱ्या उजेडात पुढचे पाऊल टाकण्याची भीती या वाचनातूनच आली आहे.

लांब रात्र आणि काळाची मोजणी

उत्तर ध्रुववृत्ताच्या वर हिवाळ्यात काही काळ सूर्य उगवतच नाही. नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजाखाली असतो. तो परत येणे हा मोठा सण. कॅनडातील इग्लूलिक भागात सूर्य परतला की मुले घरोघरचे दिवे विझवत आणि मग ते नव्याने पेटवले जात. फिनलंडच्या तूवे यान्सन यांच्या १९५७ च्या हिवाळ्यातील मूमिनकथेत सूर्याच्या स्वागतासाठी मोठी होळी पेटवतात. मूमिन प्राणी एरवी नोव्हेंबर ते एप्रिल झोपून काढतात. मूमिनट्रोल मध्येच जागा होतो आणि घराबाहेर त्याने कधी न पाहिलेले लाजरे, एकलकोंडे जीव भेटतात. उन्हाळ्यात ज्यांना जागा नसते त्यांचा हा ऋतू आहे, हे त्याला हळूहळू उमगते.

लांब रात्री हातांना आणि कानांना काम देतात. बोकुशी यांच्या मुलखात बायका हिवाळाभर तलम कापड विणत आणि ते बर्फावर पसरून पांढरे करत. आइसलंडमध्ये संध्याकाळी सगळे घर एका खोलीत लोकरीचे काम करत बसे आणि एक जण मोठ्याने सागा वाचे किंवा म्हणे. उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाजांत काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असा नियम आहे. उत्तरेकडच्या अद्भुतकथेचे बरेचसे मूळ या शेकोटीभोवतीच्या रात्रींत आहे.

थंडी कालगणनाही बदलते. वेस्टेरॉसमध्ये ऋतू वर्षानुवर्षे चालतात आणि ऋतू बदलल्याची वर्दी विद्वानांचा मठ पांढरे कावळे पाठवून देतो. उन्हाळ्यात जन्मलेली पिढी हिवाळा न पाहता मोठी होते आणि जुन्या माणसांच्या इशाऱ्यांना हसते. स्टार्क घराण्याचे बोधवाक्य हिवाळ्याची आठवण देते ते याचसाठी. इतर घराणी आपल्या वाक्यांत शौर्य मिरवतात, हे घराणे साठवण करा असे सांगते.

पाहुणा, कायदा आणि सत्ता

दारात आलेल्या माणसाला बर्फात परत पाठवणे म्हणजे त्याला मारणे. उद्या तीच वेळ घरधन्यावरही येऊ शकते. म्हणून हिमप्रदेशात आतिथ्य हे कायद्याच्या जागी असते. मार्टिन यांच्या कथेत यजमानाचे मीठ-भाकर खाल्लेल्या पाहुण्याला इजा करणे हे सर्वांत घोर पाप आहे. लग्नाच्या मेजवानीत यजमान पाहुण्यांची कत्तल करतो त्या ‘रेड वेडिंग’च्या प्रसंगाचा धक्का बसतो तो रक्तपातामुळे आहेच, पण त्याहून अधिक हा करार मोडल्यामुळे. मीठ खाल्ल्याला जागणे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

तुटवड्याची दुसरी बाजू कठोर असते. मार्टिन यांच्या उत्तरेकडच्या डोंगरी टोळ्यांत कडक हिवाळ्यात म्हातारे शिकारीला जातो म्हणून निघतात आणि परतत नाहीत, म्हणजे घरात एक तोंड कमी होते. ‘फ्रॉस्टपंक’ (२०१८) या पोलंडमध्ये तयार झालेल्या व्हिडिओ गेममध्ये गोठलेल्या जगातले एक शहर कोळशाच्या एका अजस्र भट्टीभोवती गोलाकार वसते. भट्टीजवळचे घर उबदार, काठावरचे गार. मुलांना कामाला लावायचे का, जेवणात भुसा मिसळायचा का, पाळ्या किती तासांच्या, असे कायदे खेळणाऱ्यालाच करावे लागतात. ‘स्नोपिअर्सर’ या १९८२ च्या फ्रेंच चित्रकथेत आणि त्यावरच्या २०१३ च्या चित्रपटात उरलेली माणसे सतत धावणाऱ्या गाडीत आहेत. पुढच्या डब्यांत चैन, मागच्यांत उपासमार. ऊब ज्याच्या हातात तोच राजा, हे दोन्हींत उघड दिसते.

थंडीमुळे समाज क्रूरच होतो असे मात्र नाही. ले ग्विन यांच्या गेथेनवर भांडणे आणि खून होतात, पण देशादेशांत मोठे युद्ध झालेले नाही. त्याची कारणे कादंबरीत अनेक सुचवली आहेत. त्यांतले एक म्हणजे तिथे माणसापेक्षा मोठा शत्रू, थंडी, सतत समोर उभा आहे.

देव, भुते आणि मृत्यू

अन्न जिथून येते तिथे देव राहतो. इन्युइटांची सेडना समुद्रतळाशी राहते आणि सील, व्हेल तिच्या ताब्यात असतात. माणसांनी नियम मोडले की तिचे केस गुंततात, शिकार मिळेनाशी होते, मग शमनाला समाधीत खाली जाऊन तिचे केस विंचरावे लागतात. जिथे भुकेची भीती, तिथले भूतही भुकेचे. उत्तर अमेरिकेच्या जंगलांतील अल्गोंकिन समाजांचा विंडिगो माणसे खातो आणि खाल्ल्याने त्याची भूक वाढतच जाते. हिवाळ्याच्या उपासमारीत माणूस माणसाला खाईल ही धास्ती त्याच्या रूपात उभी आहे. जपानची युकी-ओन्ना, म्हणजे हिमस्त्री, फुंकरीने माणूस गोठवते. रशियन लोककथेतला मोरोझ्को रानात सोडलेल्या मुलीला थंडी वाजते का असे विचारतो. काकडत असतानाही ती नम्रपणे बोलते आणि वाचते. थंडीपुढे उद्धटपणा चालत नाही, हा त्या कथेचा अर्थ.

विश्वाचा आरंभ आणि शेवटही थंडीतून सांगितला जातो. नॉर्स पुराणात बर्फ आणि आग भेटतात तिथे पहिला जीव जन्मतो, आणि जगाच्या अंताआधी मध्ये उन्हाळा न येता सलग तीन हिवाळे येतात. इ. स. ५३६ च्या सुमाराला ज्वालामुखींच्या राखेने सूर्य झाकोळून उत्तर युरोपात पिके बुडाली होती. त्या आठवणीतून ही कल्पना आली असावी असे काही अभ्यासकांना वाटते. मार्टिन यांच्या कथेतील लांब रात्रही याच कुळातली वाटते. पारशी धर्मग्रंथ वेंदिदादमध्ये भीषण हिवाळा येणार असे अहुर मज्द यिमाला सांगतो, आणि यिमा माणसे, जनावरे, वनस्पती यांचे बीज घेऊन एक बंदिस्त आवार बांधतो. मनूच्या कथेत प्रलय पाण्याचा आहे, इथे थंडीचा, आणि नावेच्या जागी आसरा आहे.

जमीन गोठली की पुरणे अवघड आणि लाकूड दुर्मिळ असेल तर जाळणेही परवडत नाही. तिबेटच्या पठारावर मृतदेह गिधाडांना देण्याची रीत धर्माइतकीच या भूगोलाशी जुळलेली आहे. थंडीत प्रेत सडत नाही, त्यामुळे मेलेली माणसे उठून येतात ही कल्पना हिमप्रदेशात सहज रुजते.

भाषा

इन्युइटांकडे बर्फासाठी शेकडो शब्द आहेत, हे विधान सर्वत्र सापडते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये फक्त चार वेगवेगळ्या मूळ शब्दांचे उदाहरण दिले होते, पुढे आकडा फुगत गेला. त्या भाषांत एका मुळाला प्रत्यय जोडून लांबलचक शब्द होतात, म्हणून शब्द मोजण्यात फारसा अर्थ नाही. पण मूळ मुद्दा खोटा नाही. ज्यावर पोट अवलंबून, त्याचे बारकावे भाषा टिपते. मराठीत सर, झड, रिमझिम, भुरभुर, मुसळधार, संततधार, वळीव हे सगळे पाऊसच, पण शेतकऱ्याला प्रत्येकाचा अर्थ वेगळा. रेनडिअर पाळणाऱ्या सामींना बर्फाचा कवच झालेला थर आणि भुसभुशीत थर यांत फरक करावाच लागतो. पहिल्याखालचा चारा जनावराला उकरता येत नाही. कल्पित हिमप्रदेशाची भाषा रचताना नुसते शब्द वाढवून भागत नाही. त्या शब्दाने कोणता निर्णय होतो ते दिसावे लागते.

कल्पनेचे ऋण

या साऱ्या कल्पनांचा कच्चा माल खऱ्या माणसांचा आहे. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ (२००५) या मालिकेतल्या दक्षिणेकडच्या जलजमातीचे कपडे आणि घरे इन्युइटांवरून घेतलेली आहेत. डिस्नेने ‘फ्रोझन २’ (२०१९) साठी सामी संस्थांशी करार केला आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही काढला. ज्यांच्या पिढ्यांनी हे ज्ञान कमावले त्यांचे नाव घेणे हा साधा न्याय आहे. शिवाय त्यातून कथाही सुधारते, कारण चुका कमी होतात. सर्वांत नेहमीची चूक अन्नाची असते. शंभर वर्षे बर्फ असेल तर जमिनीवर गवत नाही, गवत नाही तर हरणे नाहीत. खऱ्या ध्रुवीय प्रदेशात माणूस समुद्रावर जगतो आणि वस्ती विरळ असते. हिमवाळवंटातून लाखांची फौज नेणारा लेखक तिला खायला काय घालतो, हा प्रश्न १८१२ च्या रशियन मोहिमेत नेपोलियनलाही सुटला नाही.

हवामान कल्पनेवर ठसा उमटवते हे गृहीत धरून उलट दिशेने वाचन करण्याचा प्रयत्नही झाला आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील दीर्घ उषेची वर्णने आणि वेंदिदादमधील हिवाळा यांवरून आर्यांचे मूळस्थान ध्रुवप्रदेशात होते असे मांडले. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या आजच्या पुराव्यांपुढे तो निष्कर्ष टिकत नाही. पण पुराणकथेत ऋतूंचे आणि उजेडाचे धागे शोधण्याची ती चिकाटी आजही शिकण्याजोगी आहे.

जयंत नारळीकरांनी एका विज्ञानकथेत हिमयुगाची चाहूल दाखवताना थेट मुंबईत बर्फ पाडला. फोरोखेलमध्ये जो बर्फ घर बांधायला कामी येतो, तोच मुंबईत संकट होऊन उतरतो. बर्फ दोन्हीकडे सारखाच असतो. एकीकडे दार, चूल, साठवण, पाहुण्याचा कायदा आणि सूर्याचा सण असे सगळे त्याच्या मापाने घडलेले असते, दुसरीकडे त्यातले काहीच नसते. हिमप्रदेशाची संस्कृती म्हणजे पिढ्यानपिढ्या केलेली ही बेगमी, आणि ती जितकी तपशिलात दिसेल तितका कल्पित हिवाळा वाचकाच्या अंगाला झोंबतो.